कात्री यंत्राची, नक्षी कुणाची?

श्रावण सरत आला की बेळगावच्या गणपत गल्लीत आणि पांगुळ गल्लीत कागदाचा हंगाम सुरू होतो. प्रथम मखरांचे पुठ्ठे आणि कागदी फुलांच्या माळा दिसू लागतात. भाद्रपदातले विसर्जन आटोपते, नवरात्र सरते आणि त्याच दुकानांच्या दारांवर आकाशकंदील लटकतात. दिवाळी मागे पडली की कॅम्पाच्या बाजूला नाताळच्या चांदण्या येतात. पुढे संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचे पुठ्ठे, लग्नसराईतील पाकिटे आणि रुखवताची आरास ओळीने येतच असते. घाटाखालच्या आमच्या वाचकांना हा बाजार परका नाही. बेळगावची भाजी चोर्ले घाटाने गोमंतकात उतरते, आणि चतुर्थीच्या आधी बेळगावच्या बाजाराची एक फेरी करणारी कुटुंबे पणजी-म्हापशापासून सावंतवाडीपर्यंत थोडीथोडकी नाहीत.

ह्या हंगामात अलीकडे एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो बाजारात बसत नाही, घरात टेबलावर बसतो. शिवणयंत्राहून फारसे मोठे नसलेले, संगणकाच्या हुकमाने कागद कातरणारे हे यंत्र परदेशात गेली वीसएक वर्षे घरोघर वापरले जाते. आता ते आपल्याकडच्या शहरांतील काही घरांत आले आहे. मखराची महिरप, कंदिलाची जाळी, गौरीपुढची कमळे, वाढदिवसाची पताका असे सारे ते काही मिनिटांत कापून देते. एका तबकडीएवढ्या कागदात ते जी नाजूक जाळी काढते, ती कात्रीने काढायला निष्णात हातालाही सबंध दुपार लागावी. कुणी ह्या यंत्राचे कौतुक करतो, कुणी हस्तकलेचा अंत जवळ आला म्हणून हळहळतो. आमच्या मते दोघेही घाई करीत आहेत. जो प्रश्न विचारायला हवा, तो दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

यंत्र काय करते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. एका किंचित चिकट पाटीवर कागद बसवावा लागतो. रुळांच्या जोडीतून ती पाटी पुढे-मागे सरकते आणि तिच्यावर आडव्या दांडीवरून एक बारीक पाते डावी-उजवीकडे धावते. ह्या दोन गतींच्या मेळातून हवी ती वळणदार रेघ उमटते. पाते आपल्या आसाभोवती फिरणारे असते, म्हणून ते रेघेच्या दिशेने आपोआप वळते. पातळ पतंगी कागदाला दाब हलका, पुठ्ठ्याला भारी. पाते बोथट झाले की कडा उसवते, पाटीचा चिकटपणा गेला की कागद सरकतो. सांगण्यासारखे गूढ ह्यात काहीच नाही. कुठे कापायचे, हे मात्र यंत्राला ठाऊक नसते. ते रेघ मागते, आणि ही रेघ कुणीतरी आधी काढलेली असावी लागते.

यंत्र म्हटले की कलेचे मरण, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे जुना आहे. पण बेळगावच्या मातीत तरी ह्या पक्षाला फारसा आधार मिळत नाही. ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे येथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडवले. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचा किर्लोस्कर रस्ता आजही त्यांचे नाव सांगतो. कापण्याचे यंत्र ह्या गावाला नवलाचे नाही, आणि ते घडवणारा माणूस आधी पेन्सिल धरायला शिकला होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट खुद्द गांधीजींची. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त त्यांचे यंत्रांविषयीचे एक संभाषण प्रसिद्ध झाले होते. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, हे सांगताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. ज्या यंत्राने घरातल्या बाईचे श्रम हलके होतात आणि तिच्या हातची कला हिरावली जात नाही, ते त्यांना मान्य होते. कागद कातरणाऱ्या यंत्राला हीच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते. श्रम हलके होतात काय? निःसंशय. कला हिरावली जाते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही, आणि आजचा लेख त्याच्याचसाठी आहे.

घरच्या कंदिलाची कला मुळात काय होती, ते आठवावे. दिवाळीच्या आधी आठवडाभर बांबूच्या कामट्या तासून घेतल्या जात. नेहमीच्या घाटाला एकाच मापाच्या चोवीस कामट्या लागतात. दोऱ्याने त्या एकमेकींना बांधल्या की सहा चौकोन आणि आठ त्रिकोण तयार होतात. एखादी कामटी बोटभर लांब निघाली तर सारा कंदील तिरका होतो. मग मैद्याची किंवा कणकेची खळ शिजवायची, तिला किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे, पतंगी कागद ताणून चिकटवायचा, कडांना सोनेरी पट्टी, खाली झिरमिळ्या, कोपऱ्यांना करंज्या. वडील माप घ्यायला शिकवीत, आई खळ किती पातळ हवी ते सांगे, आणि कागद फाटला तर ठिगळ असे लावायचे की ते नक्षीच वाटावे, हे मोठी भावंडे धाकट्यांना दाखवीत. पुस्तकातली भूमिती नावडती असलेली मुलेही ही भूमिती बोटांनी पाठ करीत.

ही कला यंत्राने मारली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कातरयंत्र येण्याच्या कितीतरी आधी ती घराघरांतून निघून गेली होती. तिची जागा घेतली थर्मोकोलच्या मखरांनी आणि प्लास्टिकच्या तयार कंदिलांनी. तापलेल्या तारेने कापलेल्या थर्मोकोलचे पांढरेशुभ्र महाल देवापुढे उभे राहू लागले, आणि अनंत चतुर्दशीनंतर ते विहिरींत, ओढ्यांत, समुद्रकाठी तरंगू लागले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी सूट मिळावी ही मखरवाल्यांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. पुढे केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे नियम एकच झाला, हीही सीमाभागात नित्य अनुभवाला येणारी गोष्ट नव्हे! मुंबईत कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर ह्यांनी घडी घालून ठेवता येतील अशी पुठ्ठ्याची मखरे रूढ करण्याचा प्रयत्न ह्या बंद्यांच्या बऱ्याच आधीपासून चालवला होता. आता बाजारालाही त्याच वाटेने यावे लागत आहे. कागद देवघरात परत येत आहे, आणि नेमक्या ह्या वेळी कातरयंत्र हाती आले आहे. ह्या योगायोगाचा उपयोग करून घ्यायचा की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

कागद म्हणजे सर्वथा निष्पाप, असाही समज नको. बेळगावच्या दक्षिणेला, दाट रानांच्या कडेला दांडेली आहे. तेथील वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची स्थापना १९५५ सालची. बांबू हा ह्या गिरणीचा मोठा कच्चा माल होता, आणि तो तिला सरकारी रानातून नाममात्र दराने मिळत असे. बुट्ट्या, सुपे, तट्टे विणून पोट भरणारे बुरूड मात्र बाजारभावाने बांबू घेत. रान ओस पडत चालल्याची त्यांची तक्रार सरकारदरबारी गेली, आणि १९७० च्या दशकात माधव गाडगीळ ह्यांनी त्या रानांचा अभ्यास करून ती खोटी नसल्याचे दाखवले. कंदिलाच्या कामट्या आणि कंदिलाचा कागद एकाच बेटातून निघतात, आणि दोघांना द्यावा लागलेला भाव मात्र एक नव्हता. म्हणून यंत्रावर कागद कापताना तो जपून कापावा. कातरणे फेकू नयेत, एकदा वापरलेले पुठ्ठे पुन्हा घ्यावेत, आणि सांगाडा शक्यतो बुरुडाकडच्या कामट्यांचाच असावा. कानडीत आकाशकंदिलाला ‘आकाशबुट्टी’ म्हणतात. बुट्टी हा शब्द बेळगाव-निपाणीच्या मराठीलाही घरचाच आहे. आभाळात टांगलेली ही बुट्टी आहे, आणि तिच्यात बुरुडाचा हात आहे, हे त्या नावाने आजवर जपून ठेवले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र रेघ मागते असे आम्ही म्हटले. ती रेघ आज कोठून येते? बहुतेक वेळा ती परदेशातून तयार येते. अमेरिकेच्या युटा राज्यातील क्रिकट ह्या कंपनीने घरगुती कातरयंत्रे लोकप्रिय केली. तिच्या सुरुवातीच्या यंत्रांत चित्रांच्या डब्या बसवाव्या लागत. डबीत जी चित्रे असतील तीच कापायची. पुढे संगणक जोडता येऊ लागला आणि आपली स्वतःची रेखाटने यंत्राला देण्याची सोय झाली. पण मार्च २०२१ मध्ये ह्याच कंपनीने जाहीर केले की, मासिक वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला फक्त वीस नवी रेखाटने चढवता येतील. यंत्र विकत घेतलेले, कागद आपला, चित्र आपल्या हातचे. तरीही ते कापण्यासाठी दूरच्या कचेरीची परवानगी! गिऱ्हाइकांनी असा गहजब केला की काही दिवसांतच कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. गोष्ट तेथेच मिटली, पण तिने एक सत्य उघडे केले. पाते घरात असले तरी त्याची दोरी बाहेर असू शकते.

तयार चित्रांच्या त्या भांडारात काय सापडते, हेही पाहावे. हिमाचे षट्कोनी कण, भोपळ्याचे मुखवटे, पाइनची झाडे, मोजे आणि घंटा. त्या देशांतल्या ऋतूंना ती शोभतात. हिम न पडणाऱ्या निपाणीच्या दारावर हिमकण टांगायला कायद्याची आडकाठी नाही. पण आपल्या ऋतूला आपले चिन्ह नसावे, ही गोष्ट मनाला लागते. भारतीय म्हणून जे त्या भांडारात असते, तेही बहुधा एकच मोर, एकच कमळ आणि एकच ठोकळेबाज गणपती. हजार घरांत हजार यंत्रे आणि सगळ्यांतून एकच मोर निघणार असेल, तर थर्मोकोलच्या साच्याहून आपण फार पुढे गेलो असे म्हणता येणार नाही.

शहापूर-वडगावच्या विणकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८०४ साली फ्रान्समध्ये जाकार्ड नावाच्या कारागिराने मागावर पुठ्ठ्यांची माळ बसवली. पुठ्ठ्यात जेथे भोक, तेथे दोरा उचलला जाई, आणि साडीच्या काठावर वेल उमटे. भोके पाडलेला कागद कापडावर नक्षी काढीत होता. आज उलट घडते आहे. संगणकातली नक्षी कागदाला भोके पाडीत आहे. हातमागाचा यंत्रमाग झाला तेव्हा विणकराचा खांदा हलका झाला, ह्यात शंका नाही. पण ज्याच्या हाती पुठ्ठ्यांची माळ, म्हणजे नक्षी, त्याच्या हाती भाव ठरवण्याचे बळ राहते. दुसऱ्याने दिलेली नक्षी विणणारा मीटरवर मजुरी मोजतो. माग बदलला तरी हा नियम बदलला नाही, आणि कागदाच्या यंत्रालाही तो चुकणार नाही.

नक्षीचे दारिद्र्य आपल्याकडे आहे काय? मुळीच नाही. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली, रट्टांच्या काळात बांधलेली कमल बस्ती आहे. तिच्या छतातले दगडी कमळ ज्याने एकदा मान वर करून पाहिले, त्याला पाकळीवर पाकळी कशी चढवावी ह्याचा धडा दुसरीकडे शोधावा लागत नाही. धारवाडच्या बाजूची कशिदा, म्हणजे कसुती, पाहा. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, पाळणा हे सारे मोजलेल्या सरळ टाक्यांत उभे केलेले, म्हणजे कातरकामाला जणू आयतेच बेतलेले. सावंतवाडीच्या गंजिफांवर दशावतार गोल चकत्यांत बसवलेले आहेत. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आणि उंबऱ्यावर उठणारे पत्र्याच्या छाप्यांचे ठसे तर घरचेच. कोकणात आणि गोमंतकात गणपतीवर माटोळी बांधतात. रानातली फळे, कांगण्या, सुपारीचे घड, नारळाची पेंड ह्यांचे आकार एका चौकटीत टांगणारे आमचे किनाऱ्यावरचे वाचक आराशीच्या मांडणीत कुणालाही हार जाणार नाहीत.

ही नक्षी कातरकामात आणताना एक पथ्य पाळावे लागते. चित्रातला प्रत्येक भाग कुठेतरी चौकटीला जोडलेला असला पाहिजे. कमळाच्या मधला गाभा सर्व बाजूंनी कापला तर तो खाली गळून पडतो. म्हणून मध्ये बारीक जोड ठेवायचे, आणि ते असे ठेवायचे की पाकळीच्या शिरा वाटाव्यात. पत्र्याचे रांगोळीचे छापे करणारे कारागीर हे जाणत होते. मथुरेकडे सांझीसाठी कागद कातरणारेही हेच जाणतात. चीनमधील कागद-कातरकामाची कला, जिला युनेस्कोने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ती ह्याच जोडांच्या युक्तीवर उभी आहे. यंत्राला ही अक्कल नाही. ते सांगितलेली रेघ निमूटपणे कापते आणि गाभा गळून पडला तरी त्याला खंत वाटत नाही. जो हाताने कातरून शिकला, त्यालाच यंत्राकडून चांगले काम करवून घेता येते. हाताची कला आणि यंत्र ह्यांचे वैर नसून ह्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी हात, मग यंत्र.

आणखी एक प्रश्न निपाणीने आपल्यापुढे ठेवला आहे, आणि तो पोटाचा आहे. निपाणी म्हणजे तंबाखू. तेथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या स्त्रियांचे जिणे अनिल अवचट ह्यांनी लिहून महाराष्ट्रापुढे मांडले. योगायोग असा की, हेच अवचट कागदाच्या घड्यांचे, ओरिगामीचे, मोठे रसिक होते. चौकोनी कागदातून मोर, बेडूक, फूल उलगडून मुलांच्या हाती देणे हा त्यांचा आनंद होता. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. निपाणीची धूळ आणि कागदाची घडी ही दोन्ही ज्याच्या एका आयुष्यात मावली, त्याची आठवण ह्या विषयावर लिहिताना टाळता येत नाही.

निपाणीच्या आणि आसपासच्या गावांतल्या घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका कित्येक पिढ्या एक कातरकाम करीत आल्या आहेत. भिजवलेले तेंदूचे पान घ्यायचे, त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कात्रीने त्या मापाचे पान कापायचे. दिवसाकाठी शेकडो पाने. कात्रीचा हात इतका बसलेला की नजर पोराकडे आणि पान मापात. पण साचा कारखान्याचा, पान कारखान्याचे, तंबाखू कारखान्याची. बाईचे ते घर आणि हात. हजार विड्यांमागे मजुरी, त्यांतल्या नापास ठरवलेल्या वेगळ्या. घरी बसून काम करणारी बाईही कामगार आहे, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केले, आणि त्या कायद्यातले हक्क प्रत्यक्ष पदरात पडावेत म्हणून चळवळी कराव्या लागल्या. तंबाखूचे जग आता आक्रसते आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी झाली, पुढे पुडक्यांवरचे इशारे मोठे होत गेले. आरोग्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण कात्रीवर बसलेल्या त्या हातांनी पुढे काय करावे?

कागदाची हंगामी कामे हे त्याचे संपूर्ण उत्तर आहे, असा भोळा दावा आम्ही करणार नाही. बाजार लहान आहे, हंगाम तुटक आहे, पावसाळी हवेत कागद मऊ पडतो. तरीही गणपती, दिवाळी, नाताळ, संक्रांत आणि लग्नसराई हे सण नीट साखळीने जोडले तर वर्षाचे बरेच महिने काम पुरते. कापण्याचे काम यंत्राने आणि दुमडणे, बांधणे, चिकटवणे, कामटी ताणणे हे हाताने अशी वाटणी होऊ शकते. धोका एकच. विडीची व्यवस्था जशीच्या तशी कागदावर उतरली, म्हणजे नक्षी व्यापाऱ्याची, कागद व्यापाऱ्याचा आणि बाईचे फक्त घर व हात, तर तंबाखूची धूळ नाकात गेली नाही एवढाच काय तो फरक पडेल. म्हणून कापायच्या आधी काय कापायचे हे त्या बायकांनी ठरवले पाहिजे, आणि नगाचा दर कागदावर लिहून घेतला पाहिजे.

हे स्वप्नरंजन नव्हे, ह्याला दूरदेशचा एक दाखला आहे. जर्मनीच्या पूर्वेकडे हेर्नहूट नावाचे एक लहान गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडच्या मोरावियन पंथाच्या एका निवासी शाळेत मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करायला लावीत. सुटीत मुले त्या घरी नेत, आणि आत दिवा ठेवून नाताळात टांगीत. १८९७ साली पीटर फरबेक ह्या व्यापाऱ्याने सुटी करून पुन्हा जोडता येईल अशी चांदणी तयार केली आणि त्यातून गावाचा उद्योग उभा राहिला. सतरा चौकोनी आणि आठ त्रिकोणी टोकांची ही चांदणी आजही तेथे हाताने चिकटवतात, आणि जगभर ती त्या गावाच्या नावाने विकली जाते. चौकोन आणि त्रिकोणच, आपल्या चोवीस कामट्यांच्या कंदिलासारखेच. फरक इतकाच की, हेर्नहूटने आपली भूमिती आपल्याजवळ ठेवली आणि आपण आपली माळ्यावर टाकली.

ती माळ्यावरून काढण्यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. यंत्राची किंमत प्रत्येक घराला परवडणारी नाही, आणि प्रत्येक घराला ते हवे असेही नाही. गावातल्या वाचनालयाने, महिला मंडळाने किंवा शाळेने एक यंत्र घ्यावे आणि पाळीने वापरू द्यावे. पुस्तके वाटून वाचायची सवय ज्या गावांनी लावली, त्यांना हे अवघड नाही. शाळांनी दिवाळीच्या सुटीआधी मुलांकडून निदान एक कंदील कामट्यांनी बांधून घ्यावा, आणि मग त्याच्या बाजूंची जाळी मुलांनीच रेखाटून यंत्रावर कापावी. चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि हौशी मंडळींनी कमल बस्तीचे कमळ, कसुतीचा रथ, आजीच्या हातची रांगोळी रेखाटून त्यांचा एक मोकळा साठा करावा. रेखाटणाऱ्याचे नाव त्यावर असावे, आणि ती कापण्यासाठी कुणाला वर्गणी भरावी लागू नये. उद्यमबागेतल्या कारखानदारांनाही आमचे एक मागणे आहे. दोन लहान मोटारी, एक दांडी, दोन रूळ आणि एक पाते एवढाच ज्याचा सांगाडा, ते यंत्र लोखंड ओतणाऱ्या आणि सुटे भाग केसाच्या मापात घडवणाऱ्या ह्या शहराने स्वतः का करू नये? कडब्याच्या यंत्राने ज्याची सुरुवात झाली, त्याची कागदाच्या यंत्रापर्यंत मजल जायला हरकत नसावी.

सीमाभागाच्या वाट्याला वादाचे विषय पुष्कळ आले आहेत, आणि त्यांतले बरेच खरेच गंभीर आहेत. पण कंदिलाला भाषा विचारावी लागत नाही. तो मराठी दारावर लागतो, कानडी दारावर लागतो, आणि जवळपास त्याच कामट्यांचा तारा नाताळात ख्रिस्ती दारावर लागतो. ताबूत बांधणाऱ्यांचे हातही ह्याच बांबूवर आणि ह्याच रंगीत कागदावर वळलेले असतात. ज्या नक्षीवर आपण सगळे मिळून आपलेपणा सांगू शकतो, ती विकत आणलेल्या डबीत सापडणार नाही. आपल्याच घरांत आणि आपल्याच देवळांच्या छतांवर ती आहे, आणि तिला फक्त कागदावर उतरवून घ्यायचे आहे.

यंदाच्या चतुर्थीला आणि दिवाळीला आमचे वाचक यंत्र आणोत वा न आणोत. मखरावरची एक तरी महिरप त्यांनी घरातल्या कुणाकडून रेखाटून घ्यावी, ती मुलांच्या हातून कापली जावी, मग ती कात्रीने असो वा यंत्राने, आणि सण उरकल्यावर तो मूळ नमुना वहीत जपून ठेवावा. पुढल्या वर्षी तो शेजारी मागायला येईल. त्याला तो आनंदाने द्यावा.